धरून ठेवलेली जागा

वडील साखर कारखान्याचे चेअरमन होते, तोवर बीडच्या कॉलेजात मैत्रिणी माझ्यासाठी पहिल्या बाकावर जागा धरायच्या. निवडणुकीत वडील पडले आणि त्याच मैत्रिणी नव्या चेअरमनच्या मुलीसाठी जागा धरू लागल्या. ती कारखान्याच्या जीपमधून उतरायची, मी एसटीतून. लई जळायचे मी तिच्यावर.

मग दुष्काळ पडला. ऊसच नाही म्हटल्यावर कारखाना बंद पडला, जीपही गेली. एके दिवशी बीडच्या स्टँडवर तिने खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि सावकाश दाराकडे गेली. ती आत येईपर्यंत रुमाल बाजूला सारून दुसरंच कुणी बसलं होतं. मी शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली, तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं.

धारूरपर्यंत ती उभीच राहिली.