मूर्तीवरची साखळी आणि बाईंचा डबा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण वसईतल्या एका सोन्याच्या साखळीची ती घटना आजही मनातून जात नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी उपनिरीक्षक होतो आणि माणूस पाहताक्षणी ओळखतो, असा माझा भारी समज होता.

ऑक्टोबर हा ख्रिस्ती गावांत रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. पवित्र मारियेची मूर्ती रोज एका घरी जाते, संध्याकाळी शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात, दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. अशाच एका घरी ती पोहोचली तेव्हा गळ्यातली नवसाची साखळी नव्हती. गावकरी फिर्याद द्यायला आले. पाठोपाठ आमचा खबरी आला. "साहेब, आदल्या दिवशी मूर्ती त्याच्या झोपडीत होती."

'तो' म्हणजे मिठागराजवळ राहणारा, चार घरफोड्यांची शिक्षा भोगून आलेला माणूस. सख्खे भाऊही त्याला दारात उभं करत नसत. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका मात्र त्याला आपल्या केळीच्या वाडीत कामाला बोलवत आणि दुपारी आपल्याच टेबलावर जेवायला बसवत. सगळे त्यांना बाई म्हणत. मूर्ती त्याच्याकडे नेण्याचा हट्टही बाईंचाच होता. त्या संध्याकाळी त्याच्या झोपडीत प्रार्थनेला दोघंच होते, बाई आणि तो. गाव गेलं नाही.

मी त्याला पोलीस ठाण्यात आणवलं. दोन तास विचारपूस केली. त्याचं एकच पालुपद, "साहेब, मी नाय घेतली." शेवटी मी ठेवणीतली युक्ती काढली.

"ठीक आहे. मग मूर्ती तुझ्याकडून बाईंनी नेली. आता त्यांच्या घराची झडती घेतो."

तो ताडकन उठला. "बाईंच्या दारात पोलीस नको. मीच घेतली. लिवा तुमी."

"कुठे आहे?"

"खाडीत टाकली."

सोनं खाडीत टाकणारा चोर मला उभ्या नोकरीत भेटला नाही. खरा चोर आधी नाकारतो, मग फाटे फोडतो आणि शेवटी माल दाखवतो. हा मालाशिवाय नुसता गुन्हा कबूल करत होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हेही मला ठाऊक होतं. पण बाहेर बसलेल्या गावकऱ्यांचं समाधान झालं आणि खरं सांगतो, माझंही झालं. मी त्याला लॉकअपमध्ये टाकलं.

दुपारी बाई डबा घेऊन आल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मी म्हणालो, "बाई, त्याने कबूल केलंय."

त्या बाकावर बसल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज शाळेतलाच होता. "मग आज त्याला एकट्याने जेवायला लावू नका. मी समोर बसते."

"चोराबरोबर जेवणार तुम्ही?"

"तो चोर होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, साहेब. तेवढ्यासाठी मैत्री तोडायची तर ती करायचीच कशाला?"

मला राग आला. राग गिळून मी त्यांना झोपडीतली हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. मूर्ती ठेवली तेव्हा साखळी त्यांनी स्वतः हाताने सारखी केली होती. दुसऱ्या दिवशी मूर्ती घेऊन निघताना जुना हार त्यांनी उतरवला, नवा त्याने घातला.

"जुन्या हाराचं काय केलंत?"

"मूर्तीवरची फुलं आम्ही कचऱ्यात टाकत नाही. पिशवीत घालून घरी नेली आणि वाडीत केळीच्या बुंध्याशी..." बोलता बोलता बाई थांबल्या. त्यांचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. मोतीबिंदूने त्यांना जेमतेम दिसत होतं.

दोन पंच घेऊन आम्ही वाडीत गेलो. सुकलेल्या सोनचाफ्यात, हाराच्या दोऱ्याला साखळी अडकलेली होती. पंचनामा केला आणि परत आलो.

बाई लॉकअपच्या गजांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "चूक माझी होती रे. माझ्यामुळे तुला पुन्हा इथे बसावं लागलं. मला क्षमा कर."

तोच ओशाळला. "रडू नका, बाई. डबा उघडा. तुमी पन जेवल्या नसाल."

मी त्याला लगेच सोडलं. बाईंनी मूर्ती पुन्हा त्याच्याच झोपडीत न्यायचं ठरवलं आणि फादरांनी होकार दिला. या वेळी चार-पाच जण आले, बाकीचे आले नाहीतच. मी साध्या कपड्यांत जाऊन गोणपाटावर बसलो. प्रार्थनेनंतर त्याने चहाचा कप माझ्यापुढे धरला आणि माझा हात क्षणभर थांबला. त्याला ते दिसलं. तो कप तसाच धरून राहिला. मी तो घेतला.

बाईंवरच्या त्याच्या मायेचा मी हत्यार म्हणून वापर केला, याची मला आजही लाज वाटते. ठाण्यातल्या गुन्हेगारांच्या रजिस्टरात माणसाने काय केलं ते लिहिलेलं असतं. कोणासाठी तो काय सोसायला तयार आहे, हे मला त्या दिवशी ठाण्यात आलेल्या एका डब्यामुळे कळलं. त्याचं नाव नियमाप्रमाणे रजिस्टरवर राहिलं. पण बदली होईपर्यंत मिठागराकडे गेलो की मी जीप थांबवून त्याच्याकडे चहा घ्यायचो. हात पुन्हा कधी थांबला नाही.