सहा कांड्यांची गाठ

अण्णा बंगालात, गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात सुतार होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. त्यांचे बंगाली फोरमन निवृत्त होणार होते. त्यांना निरोपाची भेट म्हणून अण्णांनी सागाच्या सहा कांड्यांची गाठ, म्हणजे जोडायचं लाकडी कोडं, केली होती. खाचेत खाच बसली की सगळीकडून सारखी दिसणारी भरीव चांदणी व्हायची. खिळा नाही, सरस नाही. सहावी कांडी बिनखाचेची. ती शेवटी सरकवायची. अण्णा तिला किल्ली म्हणत.

पॉलिशसाठी त्यांनी गाठ सोडवली होती. शनिवारी सकाळी कामावर निघताना मला म्हणाले, "जोडून ठेव. चारला समारंभ आहे."

"मला जमेल का?"

"न जमायला काय झालं? कॉलेजात काय वेण्या दाखवायला जातेस?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला सगळं येतं असं अण्णा धरून चालत, आणि मीही कधी नाही म्हणत नसे.

पाच कांड्या बसल्या. किल्ली बोटभर आत जाऊन अडली. मी बेहालाच्या आमच्या दीड खोलीत फेऱ्या घातल्या, पाणी प्यायले, पुन्हा बसले. पंखाही बंद, वीज गेलेली. मग आठवलं: दमट हवेत लाकूड फुगतं. पुस्तकातलं काहीतरी उपयोगी पडतंय, याचाच इतका आनंद झाला की मी अण्णांच्या पेटीतला काचकागद काढला.

"अगं, त्यांना विचारल्याशिवाय घासू नकोस," आई म्हणाली.

"लाकूड फुगलंय, आई. आम्हाला शिकवलंय."

शिकवलंय म्हटलं की आई नेहमी आपल्या कामाला लागायची.

घासायची, सरकवून बघायची, पुन्हा घासायची. बाराच्या सुमारास लक्षात आलं की दोन कांड्या जुळ्या वाटल्या तरी एकीची खाच उजवीकडे होती, दुसरीची डावीकडे. मी त्यांची अदलाबदल केली होती. जागा बदलल्या. किल्ली सुर्रकन आत गेली, गाठ कलती करताच तशीच बाहेर आली आणि सहाही कांड्या फरशीवर पडल्या.

कपाटात डिंकाची बाटली होती. एक थेंब पुरला असता. मी झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. तेवढ्यात शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम आटोपून अण्णा आले.

"मी किल्ली घासली," मी म्हणाले. "लाकूड फुगलं नव्हतं. मीच चुकीचं जोडलं होतं."

"किती घासलीस?"

"माहीत नाही."

"न मोजता?" त्यांचा आवाज चढला. "न मोजता लाकूड काढतं कोणी?"

"अण्णा, मला कॉलेजातलंही निम्मं कळत नाही."

ते हातपाय न धुताच बसले, पेटीतून सागाची पट्टी काढली, पितळी पट्टीने मोजून रंधा मारू लागले. ढलप्या माझ्या पायांवर पडत होत्या. मला तिथून हलावंसंही वाटेना आणि उभंही राहवेना.

नवी किल्ली बसली. पॉलिशला वेळ नव्हता. पाच तपकिरी कांड्यांत ती एकच फिकी राहिली. गाठ फडक्यात गुंडाळून अण्णा दारात थांबले.

"जे कळत नाही ते कोणाला विचारतेस?"

"कोणालाच नाही."

"का?"

"सगळे हसतील."

"हा फिका तुकडा बघून आज मलाही हसणार आहेत," ते म्हणाले आणि बस गाठायला जिना उतरले.

सोमवारी पहिल्या तासाला हात वर करायचं ठरवलं होतं. तो बाकाखालीच राहिला. सर वर्गाबाहेर पडले, तेव्हा मात्र मी वही घेऊन त्यांच्यामागे धावले.