फ्लेक्सवरची आत्या

लातूरला दोन वर्षं क्लास करून माझा मेडिकलला नंबर लागला, त्या वर्षी क्लासनं शहरभर फ्लेक्स लावले. दुसऱ्या ओळीत माझाही फोटो होता. आमचं गाव लोह्याजवळ. माझ्या थोरल्या भावानं क्लासच्या सरांकडून एक फ्लेक्स मागून आणला आणि घराच्या दर्शनी भिंतीवर ठोकला. उन्हानं माझ्या नाकाचा रंग उडाला, तरी त्यानं तो काढला नाही.

आता माझा नांदेडला दवाखाना आहे. रोज कुणीतरी मोबाईल माझ्यापुढं धरतं. अमक्या झाडाच्या पाल्यानं साखर कायमची गेली, बघा मॅडम, हा माणूस स्वतः सांगतोय. मी विचारते, ज्यांची गेली नाही त्यांचा व्हिडिओ कुणी काढलाय का? काहींना पटतं, काही नुसते हसतात. या एका प्रश्नावर माझा भारी भरवसा होता. खरं सांगायचं तर थोडा माजच होता.

मग दादाची मुलगी दहावी पास झाली. तिला लोह्यालाच बारावी करून पुढं ॲग्रीला जायचं होतं. "पप्पाला तू सांग आत्या, तुझं ऐकतेत," ती फोनवर म्हणाली. मीही ऐटीत हो म्हटलं.

गावी गेले आणि जेवताना विषय काढला.

"ॲग्री कशाला? शेती तर मी बी करायलोय," दादा म्हणाला. "लातूरलाच टाकतो तिला. तू गेलीस, झालीस ना डॉक्टर?"

"दादा, आमच्या खोलीत आम्ही चौघी होतो. बाकीच्या तिघींचा नंबर कुठं लागला?"

"त्यांनी अभ्यास केला नसंल."

"म्हणजे पोरगी लागली तर क्लासमुळं, आणि नाही लागली तर पोरीमुळं?"

तो घास हातात धरून थांबला. मला वाटलं, जिंकले. मग तो कौतुकानं वहिनीकडं वळला. "बघ कशी बोलती. लातूरला गेली म्हनून हे डोकं आलं."

वहिनी हसली. भाची ताटात बघत होती. माझा नुसता संताप झाला. मी जितकं मुद्द्याचं बोलावं, तितकी क्लासचीच जाहिरात होत होती. गप्प बसले तर होकार ठरणार. आणि जास्त ताणलं तर स्वतःचं झालं, आता भावाच्या पोरीचं बघवत नाही, हे ऐकावं लागणार. दुसऱ्या दिवशी ओसरीवर ते बोललंही गेलं. त्यानंतर मी तोंड मिटलं.

ॲडमिशनला दादानं मलाही गाडीत घातलं. सरांनी लगेच ओळखलं. आत्या आणि भाचीचा एक फोटो होऊन जाऊ द्या, म्हणाले. दादा शर्ट नीट खोचून बाजूला उभा राहिला. इतका खुश तो माझ्या लग्नातही नव्हता. मी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ताठ होता, ते हाताला कळलं. तरी मी हसले.

संध्याकाळी तो फोटो क्लासच्या पेजवर आला. खाली लिहिलं होतं, पुढची पिढीही आमच्याकडेच. मग पेशंट आपल्या पोरांच्या मार्कशीट घेऊन येऊ लागले. "तुम्ही घरची पोरगी टाकली म्हटल्यावर आम्हाला इचार करायचं काही कारणच न्हाई मॅडम." मी बीपी बघता बघता म्हणायची, आधी पोरांना विचारा. ते कुणाच्या कानात शिरत नसे. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला असे.

दोन वर्षांनी निकाल लागला. भाचीचा नंबर लागला नाही. "हिनं मनच लावलं न्हाई," दादा म्हणाला आणि त्यानं तिचं नाव रिपीटच्या बॅचला घातलं. बॅच सोमवारपासून होती. मधले चार दिवस ती माझ्याकडं नांदेडला आली.

रविवारी दुपारी ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसली होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. फ्लेक्सवर कोण येतं, कोण येत नाही, आमच्या खोलीतल्या पोरी किती अभ्यास करायच्या, आणि यात तुझा दोष कसा नाही.

"हे तुला आधीपासूनच ठाऊक व्हतं?"

"हो."

"मग त्या सरासंग फोटोत हसलीस कशाला?"

दवाखान्यात मला कधी उत्तर शोधावं लागत नाही. इथं मी ढिगातली एक ओढणी उचलून उगाच झटकली.

"दादा खुश होता गं," मी म्हणाले.

तिनं हातातल्या टॉवेलची घडी घातली आणि ती बाकीच्या कपड्यांवर ठेवली.

"मी बी पप्पा खुश व्हते म्हनूनच गेले, आत्या. उद्या बी तसंच जाईन."