उणे पाच

आर्विड नीमीचा आवाज मी भर बारमध्ये, साठ माणसांच्या देखत, माइकवरून उतरवला. हेतू मदतीचा होता. आजवर मी माणसांची जी काही मोठी नुकसानं केली, ती सगळी मदतीच्याच हेतूने केली आहेत. वाईट हेतूने काही करायला मला कधी सवडच झाली नाही.

जानेवारीतला रविवार होता. अमेरिकेच्या पार उत्तरेकडच्या आमच्या सुपीरियर गावात त्या महिन्यात दुपारी चारलाच दिवस आवरतं घेतो. गॉर्डीच्या बारमधली मांसाची सोडत, म्हणजे तिकीट काढायचं आणि ज्याचा नंबर लागेल त्याने मांसाचं पाकीट न्यायचं, नुकतीच संपली होती. ज्यांना बेकन लागलं ते बेकनवाल्यांच्या तोऱ्यात बसले होते आणि ज्यांना काहीच लागलं नाही ते सोडतीच्या चक्राकडे संशयाने बघत होते. आर्विडला पोर्क चॉप्सचं पाकीट लागलं होतं. ते त्याने समोर टेबलावर, नातवंडाला बसवावं तसं बसवलं होतं.

सोडतीनंतर अर्डिस लुंडीनचा कराओके. भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याचे शब्द, पेटीतून नुसती वाद्यं, आणि ज्याची पाळी त्याने माइक घेऊन गायचं. ही सगळी जत्रा अर्डिस चालवते. त्या दिवशी मधेच कोणीतरी ओरडलं, की बर्फ ढकलणारी गाडी गल्लीत शिरली आहे. अर्डिसची व्हॅन रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी होती. ती हलवली नाही तर वसंत ऋतूपर्यंत सापडायची नाही. तिने कोट चढवला आणि मी जवळच बसलो होतो म्हणून मला म्हणाली, "मास्तर, दोन मिनिटं इथे बसा. पुढचा आर्विड. हे हिरवं बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"अगं, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. ध्वनीचा धडा तर..."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि गेली.

आता पडद्याच्या कोपऱ्यात, आर्विडच्या नावासमोर, एका चौकटीत 'उणे पाच' असा आकडा होता. तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला नको तिथे उणे चिन्ह दिसलं की काय होतं, ते त्याच धंद्यातल्या माणसाला कळेल. मला वाटलं, कोणाचं तरी कोपर लागलं असणार. मी तो आकडा शून्यावर आणला. वर स्वतःवर खूशही झालो. मग हिरवं बटण दाबलं.

आर्विड चौऱ्याहत्तर वर्षांचा. बंदरात लोहखनिजाच्या धक्क्यावर अडतीस वर्षं जहाजं भरली. गुडघे गेले, डावा कान गेला, पण "आवाज तिशीतला आहे तसा आहे," हे वाक्य तो दर रविवारी एकदा तरी म्हणायचा, आणि ते खरं आहे असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. त्याचं एकच गाणं. वीस वर्षं तेच. आमच्याकडे ते गाणं दुसरा कोणी मागत नाही, जशी दुसऱ्याची टोपी कोणी घालत नाही. त्या गाण्यात शेवटाकडे एक उंच सूर आहे. तो आला की आर्विड डोळे मिटायचा, डावा हात वर करायचा आणि फळीवरचा डबा काढावा इतक्या सहज तो सूर काढून आणायचा.

त्या दिवशी पहिल्याच ओळीला त्याच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या कडव्यात मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आणि तो सूर आला तेव्हा हात वर गेला, डोळे मिटले, आणि घशातून जे बाहेर पडलं ते मी लिहीत नाही. मागच्या टेबलावरचं एक पोरगं हसलं. त्याच्या आईने त्याला चापट मारली, ती चापट साठ जणांना ऐकू आली.

मी घाबरून खाली पाहिलं. टेबलावर अर्डिसची वही उघडी होती, शाळेच्या बसमधली जुनी हजेरीची वही. प्रत्येक नावापुढे आकडे, आकड्याखाली साल. आर्विडच्या नावापुढे शून्य, ते खोडून उणे एक, ते खोडून उणे दोन, असं करत करत उणे पाच. तेव्हा कुठे ध्वनीचा धडा शिकवणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती त्याची पट्टी दर काही वर्षांनी एकेक पायरी गुपचूप उतरवत आली होती. आवाज म्हातारा होत होता आणि गाणं त्याच्या बरोबरीने खाली बसत होतं.

इथे शहाण्या माणसाने वही मिटली असती. मी पेटीवरचं बोलायचं बटण दाबलं आणि तिथल्या माइकवर, वर्गात बोलायचो तसं, स्वच्छ आणि सावकाश म्हणालो, "थांब आर्विड, चूक तुझी नाही. अर्डिस तुला पाच पायऱ्या खाली ठेवते, मी ते चुकून काढलं. आत्ता परत उतरवतो."

आर्विडने माझ्याकडे पाहिलं नाही. वहीकडे पाहिलं. मग माइक अंडं ठेवावं तसा टेबलावर ठेवला, टोपी घेतली आणि दाराबाहेर गेला. पोर्क चॉप्स टेबलावरच राहिले.

अर्डिस टोपीवर बर्फ घेऊन आत आली. तिने माइक पाहिला, रिकामी खुर्ची पाहिली, पडद्यावरचं शून्य पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं तोवर तिने माइक उचललाही होता. "पुढची पाळी गॉर्डीची," ती म्हणाली. "ग्लास झाकून ठेवा, याच्या खर्जाने फेस उतरतो." लोक हसले. तिच्या आवाजाला कुठे तडा नव्हता. मीच तेवढा तडकून बसलो होतो.

अर्डिसबद्दल सांगायचं तर तिचा मूळ धंदा शाळेची बस चालवण्याचा. माझ्याच शाळेची बस ती सव्वीस वर्षं चालवत होती. बस आणि बार यांत तिने कधी फरक केला नाही. वर आरसा लावलेला नसतानाही तिला मागचं सगळं दिसतं. टेबलावर चढणाऱ्या धटिंगणाला ती माइकवरून नुसतं म्हणते, "शेवटच्या सीटवर कोण उभं आहे?" आणि चाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप झटकन खाली बसतो, कारण सहाव्या इयत्तेत त्याला तिनेच रस्त्यात उतरवलेलं असतं. प्रत्येक गाणाऱ्याला ती एक थाप मारून वर बोलावते. "हा सकाळी चर्चमध्ये सगळ्या पापांची माफी मागून आलाय. आता नव्याने सुरुवात." किंवा, "हिच्या नवऱ्याने विचारलंय, हिला इथेच ठेवून घेता येईल का." माणूस हसत वर येतो, आणि हसताना गळा मोकळा होतो. हा धंद्याचा भाग आहे, हे मला फार उशिरा कळलं.

टेबलाखाली तिचा दुसरा माइक असतो, हेही उशिरा कळलं. किराणा दुकानातली एक बुजरी बाई होती. तीन रविवार ती माइक हातात धरून नुसते ओठ हलवत उभी राहिली, आणि अर्डिस खाली वाकून, बुटाची नाडी बांधल्यासारखं करत, तिच्यासाठी गायली. चौथ्या रविवारी नाडी बांधायची गरज पडली नाही. अर्डिस स्वतः वर उभी राहून कधीच गात नाही. कोणी आग्रह केला तर म्हणते, "ड्रायव्हरने बाजूच्या खिडकीतून बघत बसायचं नसतं."

पुढच्या रविवारी आर्विड आला नाही.

त्याची पाळी सातवी. सहावा उतरला तेव्हा अर्डिसने नेहमीसारखं नाव पुकारलं, "आर्विड नीमी." कोणी उठलं नाही. रिवाज असा, की हजर नसलेल्याला गाळून पुढे जायचं. अर्डिसने हिरवं बटण दाबलं. त्याचं गाणं सुरू झालं, उणे पाचवर, गाणाऱ्याविना. पडद्यावर शब्द उजळत गेले आणि कोणी ते म्हटले नाहीत. साडेतीन मिनिटं. साडेतीन मिनिटं किती असतात ते मला तेव्हा समजलं. मी काउंटरवरच्या बरणीतली व्हिनेगरमधली अंडी मोजली. अकरा होती. गाणं संपल्यावर परत मोजली.

त्याच्या पुढच्या रविवारी तेच. अंडी नऊ.

दरम्यान दुसरंच एक दुखणं सुरू झालं होतं. जो तो अर्डिसच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारायचा, "माझे किती गं?" पहिल्याच रविवारी अकरा जणांनी विचारलं. तिने अकराही जणांना "शून्य" सांगितलं. अकरापैकी एकाचाही विश्वास बसला नाही. माणसं गायला उभी राहायची ती संशयाने, जिना चढताना पायऱ्या मोजणाऱ्यासारखी. वीस वर्षांचा भरवसा मी एका वाक्यात खर्च केला होता. तिने वही आता पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "अर्डिस, त्या दिवशी मी जे..."

"तुमची पाळी नववी," ती म्हणाली.

तिसऱ्या रविवारीही गाणं तसंच रिकामं वाजलं. दुसऱ्या दिवशी मी गॉर्डीच्या फ्रीजमधून आर्विडचे पोर्क चॉप्स मागून घेतले. गॉर्डीने ते देताना मला एवढंच विचारलं, "मास्तर, तिकडे जाऊन काही समजावून तर सांगणार नाहीस ना?" मी नाही म्हणालो. "मग जा," तो म्हणाला.

आर्विड दारातलं बर्फ काढत होता. मला पाहून त्याने फावडं थांबवलं नाही.

"काय मास्तर, सोडत लागली?"

"तुझेच आहेत. टेबलावर राहिले होते."

"तीन आठवडे विचार करत होतास, खावेत की द्यावेत?"

"गोठलेले होते."

"मीही," आर्विड म्हणाला. त्याने पाकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि बर्फाच्या ढिगात खुपसून ठेवलं. मग फावड्यावर रेलला.

मी माफी मागितली. घरून पाठ करून आलो होतो, मधेच विसरलो. तो ऐकत राहिला.

"पट्टी उतरवली त्याचं काही नाही रे," तो म्हणाला. "चष्मा लावतोच की मी. पण गॉर्डी उघडपणे सांगतो, 'अर्डिस, तीन खाली घे.' आणि मी दर वेळी त्याला हसायचो. म्हणायचो, तळघरात जाऊन गा. भर बारमध्ये. तो काय विचार करत असेल आता? आणि तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवशीही नाही."

त्याने फावड्यावरचं बर्फ झटकलं.

"किती वर्षं चाललं होतं हे?"

वहीतले खोडलेले आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. पहिला उणे एक ज्या साली लिहिला होता, तेही. आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर येत असून मी हात वर केला नाही.

आर्विडने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मास्तर गप्प बसला," तो म्हणाला, "म्हणजे आकडा मोठा आहे." आणि परत बर्फ काढायला लागला.

चौथ्या रविवारी तो आला. सोडतीचं तिकीट घेतलं, त्याला काहीच लागलं नाही, आणि त्याबद्दल त्याने नेहमीसारखी कुरकुर केली. सहावा गाऊन उतरला. अर्डिसने नाव पुकारलं. तिने या वेळी थाप जोडली नाही, नुसतं नाव. आर्विड उठला. माइक घेतला आणि त्यातूनच विचारलं, "किती, अर्डिस?"

"लागेल तेवढे."

"किती?"

अर्डिसने क्षणभर पर्सवर हात ठेवला. "पाच."

आर्विड काउंटरकडे वळला. "गॉर्डी, तुझे किती रे?"

"तीन," गॉर्डी ग्लास पुसत म्हणाला.

"म्हणजे तळघरात तू आणि त्याच्या खालच्या तळघरात मी."

बार हसला, गॉर्डी हसला, आणि कोणीतरी मागून ओरडलं, "माझे चार." दुसरं कोणी म्हणालं, "तुझे चार नाहीत, तुला सूरच नाही." पुष्कळ दिवसांनी तिथलं हसू नेहमीसारखं वाटलं. आर्विड गायला. चांगला गायला. शेवटी टाळ्या पडल्या, पूर्वीपेक्षा जास्त, आणि त्या जास्त पडल्या हीच गोष्ट मला बोचली.

कारण तो सूर आला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो. सूर बरोबर लागला. पण हात वर गेला नाही आणि डोळे मिटले नाहीत. तो अर्डिसच्या पेटीकडे बघत होता, वाण्याच्या काट्याकडे गिऱ्हाईक बघतं तसा. वीस वर्षं त्या एका सुरापुरता तो तीस वर्षांचा व्हायचा. ते मी काढून घेतलं होतं, आणि ते परत द्यायला कुठल्या फ्रीजमध्ये ठेवलेलंही नव्हतं.

सगळे पांगल्यावर मी अर्डिसला वायरी गुंडाळायला मदत करायला गेलो. तिने वायरीचं टोक माझ्या हातातून काढून घेतलं, न रागावता, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं. मी तिथेच उभा राहिलो.

"अर्डिस," मी म्हणालो, "महिना झाला. तू मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. एकदा मनसोक्त शिव्या घाल ना. मला तरी मोकळं वाटेल."

तिने पेटीचं झाकण लावलं, कडी अडकवली आणि म्हणाली,

"म्हणून तर घालत नाही, मास्तर."