खोली खाली

धाड गावच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकली बेबीताईनं. म्हातारपणी बुलढाण्याला एका संस्थेनं एकट्या पडलेल्या गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत खोली मिळाली, नाममात्र भाड्याची. वरच्या मजल्यावर, नंबर सात. नवरा गेलेला, पोटी कुणी नाही. ही खोली सुटली तर बसस्टँडचं बाकडं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण गुडघे! वीस पायऱ्या चढताना जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून ती संस्थेच्या ऑफिसात गेली. तिथल्या समीक्षा मॅडमला म्हणाली, "मॅडम, गुडघे गेले हो. माही खोली खाली करून द्या." मॅडमनं भराभर लिहिलं, बेबीताईनं अंगठा दिला. लिहिलेलं वाचून घ्यायचं कोणाला सुचतं? अंगठेबहाद्दर माणूस विश्वासावरच जगतो, दुसरं काय करणार!

चार दिवसांनी एक माणूस टेप घेऊन आला. एक शब्द न बोलता भिंती मोजून गेला. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रंगाचा डबा दिसला. शेजारची सरस्वतीबाई नजर चुकवू लागली. संध्याकाळी खालच्या खोलीतले उकंडराव जिन्याशी भेटले.

"काऊन जाऊन राह्यली बेबी? कोण्या गावाले?"

"मी? मी कुठं जाऊन राह्यली?"

उकंडरावांनी वरच्या रंगाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

सकाळी बेबीताईनं ऑफिस गाठलं, तेव्हा मॅडमनं कागद वाचून दाखवला. 'मी माझी खोली खाली करून देत आहे.' शेवटी अंगठा.

"अवो, खाली म्हंजे खालच्या मजल्यावर!"

"शब्द तुमचेच आहेत, ताई. खोली दिली गेली. नवीन बाई आज येतायत."

आग लागो त्या कागदाले! बेबीताई वर आली आणि आतून कडी लावून बसली.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी. दारावर थाप पडली, तरी ती हलली नाही. मग बाहेर कोणी तरी धपकन बसलं. न राहवून तिनं कडी काढली. गाठोडं कवटाळून एक म्हातारी बसली होती, गुडघे दाबत.

"रोज कशी चढू वं माय?" म्हातारी रडकुंडीला आली होती. "म्या तं मॅडमले म्हटलं होतं, मले खाली खोली पाह्यजे."

बेबीताई उंबऱ्यावर टेकली.

"अंगठा देल्ला काय तुनं?"

"हाव," म्हातारी म्हणाली. "अन् राहतं घर सोडून आली."