खडकावर गुडघाभर पाणी

रत्नमाला साळवेनं समुद्र कधी पाहिला नव्हता. सरकारी कचेरीतलं टायपिंगचं कंत्राट संपून वर्षभर घरी बसल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी तिला समुद्रापासून कोसो दूर, शहरातल्या सिडको भागातल्या एका ऑफिसात काम मिळालं. ते समुद्र बघण्याचंच होतं.

इंडोनेशियातल्या एका बेटाजवळ पाण्याखाली प्रवाळाचा खडक आहे. त्यावर लाटा फुटतात आणि लांबलांबचे लोक तिथं फळीवर उभं राहून सर्फिंग करायला येतात. तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र रत्नमालाच्या कॉम्प्युटरवर यायचं. दर अर्ध्या तासाला तिनं लाटेची उंची, वारा आणि पाण्यातली माणसं फॉर्ममध्ये भरायची. शेवटी शेरा द्यायचा: साधारण, बरं किंवा उत्तम. तो शेरा फोनवर वाचून लोक फळ्या घेऊन निघायचे.

काम तिच्या अंगवळणी पडलं. वारा जमिनीकडून आला की लाट ताठ उभी राहते, ओहोटीला खडकावर जेमतेम गुडघाभर पाणी उरतं, हे तिला बघून बघून कळलं. हर्सूलला घरी गेली की आई, पारूबाई, विचारायची, "कसा व्हता गं आज समुद्र?" मग रत्नमाला पिवळी फळी घेऊन येणाऱ्या एका टकल्या माणसाचं सांगायची. "साठीचा तरी असंल. लई पडतो बाई. पण परत जातो."

त्या मंगळवारी लाटा डोक्याच्या वर उठत होत्या. वारा नेमका होता. पण पूर्ण ओहोटी होती आणि लाट ओसरली की खडक काळा दिसत होता. रत्नमालानं ‘साधारण’ निवडलं. मागं उभा असलेला सुपरवायझर इंद्रजीत म्हणाला, "मॅडम, एवढी मोठी लाट, आन् साधारण?"

"सर, पाणी नाय खडकावर."

"सिडकोत बसून तुम्हाला खडक कळतो व्हय? लाट आन् वारा बघायचा, बस. उत्तम करा."

तिनं उत्तम केलं.

अर्ध्या तासात पाण्यात एकोणीस माणसं झाली. त्यात पिवळी फळीही होती. तो टकला माणूस एका लाटेवर उभा राहिला, लाट त्याच्यासकट खडकावर कोसळली. फळी वर आली. तो आला नाही.

"सर! सर, तो वर येत नाय!"

इंद्रजीत धावत आला. तिथला फोन नंबर कुणाकडंच नव्हता. त्यानं हे काम देणाऱ्या परदेशी कंपनीला मेसेज टाकला. तोवर चौघांनी त्या माणसाला ओढत वाळूवर नेलं होतं. त्याचे हात लोंबत होते. मग ते कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेले.

फॉर्मची वेळ झाली होती. रत्नमालानं मोजलं, चौदा माणसं. शेरा तिच्याकडून द्यायचा राहूनच गेला. तो इंद्रजीतनं भरला. कंपनीचं उत्तर दुपारी आलं. ‘कळलं, धन्यवाद.’

पुढं कित्येक दिवस ती फोनवर त्या बेटाचं नाव टाकून बातमी शोधत राहिली. हॉटेलांच्या जाहिराती यायच्या. पिवळी फळी परत दिसली नाही. तो मेला की आपल्या देशी गेला, हे तिला कधीच कळलं नाही.

त्यानंतर ओहोटी आली की ती ‘साधारण’ द्यायची, लाट कितीही मोठी असो. महिन्याभरात कंपनीकडून तक्रारी आल्या. इंद्रजीत रागावला नाही. "तुम्हाला धसका बसलाय मॅडम," म्हणाला आणि त्यानं तिला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. तिथं कुठल्याशा परदेशी मॉलबाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजायच्या होत्या. समुद्र तनुजा नावाच्या नव्या मुलीला दिला.

जेवणाच्या सुट्टीत रत्नमाला तिच्याजवळ गेली. "खडक दिसला की उत्तम देऊ नको बाई. माणसं मरतात."

तनुजानं डबा बाजूला सरकवला. "ताई, मी पण दिलं होतं साधारण. आता लाट मोठी भरली की फॉर्मच साधारण घेत नाय. बघा."

तिनं करून दाखवलं. ‘साधारण’ची चौकट लाल झाली. तनुजानं उत्तम दाबलं, फॉर्म पुढं गेला. स्क्रीनवर वाळूवरून तिघं जण फळ्या घेऊन पाण्याकडं निघाले.

रत्नमाला आपल्या टेबलावर येऊन गाड्या मोजू लागली.