सोमारीचे एकोणीस दिवस

ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या मुलखात मुखरूइतका उंच माणूस पाच गावांत नव्हता. चोपन्न साली वैशाखात त्याचं सोमारीशी लग्न झालं. आषाढात ती बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या, दीड महिना हलायचं नाही म्हणून बजावलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या माहेरून सात बाया आल्या. पुढे रुखमाबाई, रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या टोळीची म्होरकी. बायांनी पाय पाहिला, हळहळल्या, गुळाचा चहा घेतला. मग रुखमाबाईनं विषय काढला. गेल्या वर्षी सोमारीचे आईबाप तापानं अंथरुणावर होते, तेव्हा या बायांनी त्यांचं शेत रोवून दिलं होतं. फेड पैशात नव्हती, दिवसाला दिवस; ती सोमारीनं आपल्या अंगावर घेतली होती. सोमारीकडे एकोणीस दिवस निघत होते.

"मले काऊन नाई सांगितलं?" मुखरूनं बायकोला विचारलं.

"तुमी इचारलं कवा?"

"हिचा पाय बरा झाला का पाठवतो," तो बायांना म्हणाला.

"तवर धान थांबते काय?" रुखमाबाई म्हणाली. "जवाईबापू, लगनानं ती तुमची अर्धांगी झाली. एक अर्ध मोडलं हाये. दुसरं चांगलं दिसते, ते पाठवा."

रोवणं बायांचं काम. पण देणं खोटं म्हणता येईना. आपला नांगर भावाच्या हाती देऊन मुखरू सासुरवाडीला गेला.

तिथे अडचण निराळीच. तो गावाचा जावई. रोज सकाळी बांधावर बाया त्याला पाटावर बसवत, तांब्याभर पाण्यानं त्याचे पाय धूत, आणि मग त्याला गुडघाभर चिखलात उतरवत. रोपं लावायला त्याला इतकं वाकावं लागे की दुरून चिखलात मोडलेला मांडव उभा आहे असं वाटे. ओळ तर सापासारखी जाई. रुखमाबाईनं निकाल दिला, जवाईबापूंचा दिवस अर्धाच धरायचा. सहा दिवस राबून त्याचे तीनच फिटले.

रांगेत असेल त्यानं गाणं म्हणायचं, हाही नियम. रोवणीची गाणी नवऱ्यांना शिव्या देणारी. मुखरू पहिल्यांदा पुटपुटला. आठव्या दिवशी तोच खड्या आवाजात नवऱ्याचा आळशीपणा गात होता, आणि हात आपोआप चालत होते. बायांनी मुकाट पूर्ण दिवस धरायला सुरुवात केली.

फेड संपली, तरी लावणी उरली होती. तो आणखी चार दिवस राहिला. आता बायाच त्याचं देणं लागत होत्या.

घरी येऊन त्यानं हे छाती फुगवून सांगितलं. सोमारी म्हणाली, "मंग ते चार दिवस माहे."

"राबलो मी!"

"माह्या नावावर राबले ना? देणं माहं होतं, तं येणं बी माहंच."

दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी रुखमाबाईला बोलावलं. तिनं दोन-दोन वाटून दिले. सोमारीनं आपले दोन आईच्या शेताला दिले. मुखरूच्या शेतात बाया दोन दिवस येऊन गेल्या, तरी एक पट्टी उरलीच.

ती त्यानं एकट्यानं लावली. भावानं सोमारीला बैलगाडीतून बांधावर आणून बसवलं होतं. ती पाय पसरून ओरडत होती, "तिथी वाकडं चाललं!"

मुखरू मान वर न करता गातच राहिला. गाण्यात त्यानं नवरा काढून बायको घातली होती.